जोडणींत गळणारीं नांवें

एका लहानशा आरोग्यकेंद्रांत दोन वह्या आहेत, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. पहिल्या वहींत गांवांतील दोन वर्षें पूर्ण झालेलीं ४० बालकें. प्रत्येकाचा क्रमांक, नांव व जन्मतारीख. दुसऱ्या वहींत गोंवराच्या लशीची नोंद: बालकाचा क्रमांक, डोस पहिला कीं दुसरा, आणि तारीख. नांव दुसऱ्या वहींत पुन्हां लिहिलेलें नाहीं, आणि तेंच योग्य. कारण दोन ठिकाणीं लिहिलेल्या नांवाची दुरुस्ती बहुधा एकाच ठिकाणीं होते.

माहिती अशी निरनिराळ्या कोष्टकांत ठेवावी व लागेल तेव्हां सामाईक क्रमांकावरून जोडून घ्यावी, हा विचार एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडला. १९७४ सालीं डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं त्यासाठीं एक प्रश्नभाषा पुढें आणली. तीच नंतर एसक्यूएल या नांवानें रूढ झाली. तिचे शब्द साध्या इंग्रजींतले असल्यामुळें ती सोपी आहे असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे.

समजा, २५ बालकांना दोन्ही डोस मिळाले, ९ जणांना पहिलाच, आणि ६ जणांना एकही नाहीं. दोन्ही कोष्टकें 'इनर जॉइन'नें जोडलीं असतां ५९ ओळी हातीं येतात. ४० बालकांच्या गांवांत ५९ ओळी पाहून कोणाचेंही समाधान व्हावें! परंतु त्या ३४ बालकांच्याच आहेत. ज्यांची नोंद दुसऱ्या कोष्टकांत नाहीं तीं ६ बालकें निमूटपणें गळालीं. आणि सेविकेला ज्यांच्या घरीं आधीं जावयाचें होतें, तीं नेमकीं हींच. यंत्राची यांत चूक नाहीं. त्याला विचारलेंच तसें होतें.

येथें 'लेफ्ट जॉइन' हवा. त्यानें पहिल्या कोष्टकांतील प्रत्येक बालक कायम राहतें, आणि ज्याची नोंद नाहीं त्याच्या लशीच्या रकान्यांत 'नल', म्हणजे रिकामी जागा, येते. ओळी ६५ होतात. अर्थात् ओळी मोजून बालकांची संख्या येथेंही सांगूं नये. प्रत्येक क्रमांक एकदांच मोजावा.

खरी मेख पुढेंच आहे. दुसऱ्या डोसाचा तपास करावयाचा म्हणून पुष्कळजण 'डोस दुसरा' ही अट 'व्हेअर'मध्यें घालतात. ही चाळणी जोडणी झाल्यावर लागते. रिकाम्या जागेची ती अट पुरी होत नाहीं, म्हणून तीं ६ बालकें पुन्हां बाहेर जातात. पहिलाच डोस घेतलेलीं ९ ही त्यांच्यामागून. उरतात तीं २५, म्हणजे ज्यांची काळजी नव्हती तींच. तीच अट 'ऑन'मध्यें, जोडतांनाच, घातली तर ४० ओळी येतात: २५ नांवांपुढें तारीख, १५ नांवांपुढें रिकामी जागा. मग 'व्हेअर'मध्यें तारीख 'इज नल' एवढेंच विचारावें. 'तारीख बरोबर नल' असें लिहिल्यास मात्र एकही नांव मिळत नाहीं; जें अज्ञात आहे तें कशाच्याही बरोबर ठरत नाहीं.

त्या १५ नांवांची यादी घेऊन सेविकेनें सकाळींच निघावें. त्यांतील ६ घरीं पहिल्या डोसाचेंच बोलावणें करावयाचें आहे.