जुना ध्वनिवर्धक आणि त्याची दुरुस्ती



व्याख्यानमाला म्हटली की वेदान्त, इतिहास, निदान अर्थकारण तरी असावे अशी आपली अपेक्षा असते. मी आज बोलणार आहे ते एका लोखंडी पेटीविषयी. व्हॉल्व्हचा जुना ध्वनिवर्धक, ज्याला जुनी मंडळी नुसते 'मशीन' म्हणत, तो बिघडला तर दुरुस्त कसा करून घ्यावा, हा माझा विषय. विषय किरकोळ वाटेल. पण मागच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत माझा आवाज आत्ता ज्या साधनाने पोहोचतो आहे, त्याच्या आजोबांची विचारपूस करण्यात गैर काही नाही. शिवाय शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले. वेदान्तावर मी बोलू लागलो तर आपणच मला खाली बसवाल.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्याला वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याला विद्वत्तेइतकाच गळाही लागत असे. गळा नसलेल्या विद्वानाचे व्याख्यान पहिल्या चार रांगांपुरते. ही अडचण एका काचेच्या नळीने दूर केली. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह केला, आणि दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तारेची एक जाळी घातली. त्या जाळीची करामत पुढे सांगणार आहे. आपला आजचा सगळा बिघाड तिच्यापाशीच आहे.

आपल्याकडे सभेत कर्णा आला, त्यात मुंबईच्या 'शिकागो रेडिओ' या कंपनीचा वाटा मोठा. नाव परदेशी, पण मालक मोटवाने हे सिंधी कुटुंब. नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि पुढाऱ्यांच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवला. तो पकडला गेल्यावर जो खटला झाला, त्यात मोटवाने यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. पुढे ते निर्दोष सुटले. यंत्रे विकता विकता एखाद्या व्यापाऱ्यावर अशी वेळ यावी, ही गोष्ट यंत्रांच्या जाहिरातीत सहसा सापडत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

खेड्यापाड्यांत कर्णा पोहोचला तो विजेच्याही आधी. मोटारीची बॅटरी बैलगाडीत घालून नेत, आणि पेटीतील 'व्हायब्रेटर' नावाची एक गुणगुणणारी डबी बॅटरीची वीज तोडून तोडून ट्रान्सफॉर्मरला पाजत असे. लग्न, निवडणूक, सप्ताह, तमाशा, सगळ्यांना हीच पेटी. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा चुकलेल्या वारकऱ्याचे नाव-गाव पुकारण्याला कर्ण्याइतके उपयोगी दुसरे काय होते?

आता प्रत्यक्ष हकीकत. ज्या कुटुंबाची ती आहे ते याच परिसरातले; नाव सांगण्याचे कारण नाही. आजोबांनी साठच्या दशकात मशीन घेतले आणि कर्णे भाड्याने देण्याचा धंदा केला. पुढे ट्रान्झिस्टरचे हलके ध्वनिवर्धक आले आणि पेटी माळ्यावर गेली. तीसएक वर्षांनी नातवाने ती उतरवली, धूळ पुसली आणि थेट प्लगमध्ये घातली. पेटी वाजली! पंधरा मिनिटे घरात सण झाला. मग कर्ण्यातून जाड घरघर सुरू झाली आणि दोन मोठ्या व्हॉल्व्हांपैकी एकाच्या पोटातील पत्रा निखाऱ्यासारखा लाल झाला.

मोठ्या शहरातील एका दुरुस्ती करणाऱ्याकडे पेटी गेली. त्याने दोन्ही व्हॉल्व्ह बदलले आणि चांगले बिल दिले. आठ दिवसांत नवा व्हॉल्व्हही त्याच जागी लाल झाला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आले. त्याला मशीन नको होते. त्यातले ट्रान्सफॉर्मर आणि उरलेले व्हॉल्व्ह हवे होते. भाव बरा देत होता. अशा पेट्या मोडून विकण्यात आज फायदा आहे. हौशी श्रोते आणि गिटार वाजवणारे यांच्यामुळे व्हॉल्व्हांना जगभर मागणी आहे. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, जी १९५४ साली निघाली, तिने एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह भरपूर बनवले; आता नवे येतात ते रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून. घरात दोन तट पडले. थोरला म्हणे विकून मोकळे व्हा, धाकटा म्हणे आजोबांनी ज्यावर घर चालवले ते तुकड्यांनी विकायचे नाही. भांडण मिटेना, तेव्हा एका जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे पेटी नेली. मी सोबत होतो, आणि जे पाहिले तेच आपल्याला सांगतो आहे.

त्या गृहस्थांनी पेटी उघडण्याआधी तोंड उघडले. घरघर आधी की लाली आधी? लाल होतो तो डावा की उजवा? व्हॉल्व्ह बदलल्यावरही तीच बाजू? कर्णा जोडलेला होता ना? हे प्रश्न ऐकले तेव्हाच मला वाटले की पेटी योग्य हातात आली. कारागीर निवडायचा तो असा. जो लक्षणे विचारत नाही, सरळ 'व्हॉल्व्ह गेलेत' म्हणतो, त्याला नमस्कार करून पेटी परत आणावी.

मग त्यांनी एक अगदी साधी परीक्षा केली. दोन्ही व्हॉल्व्हांची जागा आपसांत बदलली आणि क्षणभर पेटी चालू केली. लाली व्हॉल्व्हाबरोबर दुसरीकडे गेली असती तर दोष व्हॉल्व्हाचा. ती गेली नाही. त्याच जागेवर दुसरा व्हॉल्व्ह लाल होऊ लागला. म्हणजे व्हॉल्व्ह बिचारा निरपराध, जागाच वाईट! एवढी परीक्षा पहिल्या दुकानात झाली असती तर दोन व्हॉल्व्हांचे पैसे वाचले असते.

जागा वाईट म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपण नीरेच्या कालव्यावर जाऊ. दरवाज्याचे चाक एक माणूस हाताने फिरवतो, दरवाजा इंचभर वर-खाली होतो, आणि शेकडो एकरांकडे जाणारे पाणी कमीजास्त होते. व्हॉल्व्हात तेच आहे. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, समोरच्या पत्र्यावरचा चारशे व्होल्टांचा दाब त्यांना ओढतो, आणि मधली जाळी म्हणजे तो दरवाजा. कॅथोडच्या मानाने जाळी ऋण असते, म्हणून प्रवाह आवरलेला राहतो. माईकमधून आलेली, आधीच्या व्हॉल्व्हांनी थोडी वाढवलेली बारीक थरथर जाळीवर पोहोचते, दरवाजा तिच्या तालावर हलतो, आणि मोठा प्रवाह त्याच तालावर नाचून कर्ण्याला बोलते करतो.

ही थरथर जाळीपर्यंत आणणारा एक लहानसा कंडेन्सर असतो. आधीच्या व्हॉल्व्हावर दोन-तीनशे व्होल्टांचा स्थिर दाब असतो. तो जाळीवर येता कामा नये, थरथर मात्र यायला हवी. मृदंगाच्या पुडीसारखे त्याचे काम. थाप पलीकडे ऐकू जाते, पण एका बाजूला पाणी ओतले तर दुसऱ्या बाजूला गळत नाही. जुने कंडेन्सर मेण लावलेल्या कागदाचे. साठ वर्षांत कागद ओलावा धरतो आणि पुडी झिरपू लागते. दाब जाळीवर उतरतो, दरवाजा उघडाच अडकतो, आणि पाणी रात्रंदिवस वाहते. पत्रा लाल होतो तो यामुळे.

कारागिरांनी मीटर लावला. व्हॉल्व्ह ई. एल. ३४ होते, त्यांच्या पाच नंबरच्या पिनवर जाळी असते. या मशीनच्या रचनेत तिथे शून्य हवे होते. एका बाजूला शून्यच होते. दुसऱ्या बाजूला काटा चौदा व्होल्टांवर जाऊन थांबला. त्या बाजूच्या कंडेन्सरचे एक टोक सोडवले, तसा काटा शून्यावर आला. खटला संपला. नवा कंडेन्सर चहा-वड्याच्या किमतीत येतो.

आणि घरघर? मजा अशी की तीही बरीचशी याच आरोपीची. असे दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात तेव्हा विजेच्या पुरवठ्यातील घरघर दोन्हींत सारखी असते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना मारते. एकाने जास्त वीज ओढली की तोल गेला, आणि घरघर बाहेर पडली. तरीही त्यांनी पुरवठ्याचे मोठे कंडेन्सरही बदलले, कारण ते आतून सुकलेले होते. ॲल्युमिनियमचे जुने डबे मात्र जागेवर ठेवून नवे लहान कंडेन्सर खाली जोडले. हे मला फार आवडले. वरून मशीन आजोबांचेच दिसते, आणि आतून आजच्या विजेला तोंड देते. सगळे जुने भाग जपलेच पाहिजेत असा हट्ट धरणारे काही हौशी लोक असतात; मेणाचा गळका कंडेन्सर जपण्यात कसला इतिहास आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

जपायचा तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. लालीकडे दुर्लक्ष करून पेटी चालवत राहिले तर शेवटी जळतो तो हाच. आपल्याकडे शेतीपंपाच्या मोटारी भरून देणारे कुशल लोक आहेत, आणि विजेचा साधा ट्रान्सफॉर्मर त्यांच्यातला चांगला माणूस भरून देईलही. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वेटोळी थराआड थर, एकमेकांत गुंफून घातलेली असतात. ती गुंफण मोजून ठेवल्याशिवाय तार उलगडली, तर आवाज येतो पण त्यातली झांज, टाळ, 'स' आणि 'श' नाहीसे होतात. याच ट्रान्सफॉर्मरपायी आणखी एक पथ्य: कर्णा जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचे मशीन चालू करू नये. भार नसला की त्यात एवढा दाब चढतो की आतले आवरण फाटते.

आता जिवाची गोष्ट, आणि येथे मी विनोद करणार नाही. या पेटीत चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ते साठून राहतात. पेटी बंद आहे म्हणून आत हात घालणे प्राणाशी खेळ आहे. जाणता माणूस आधी रेझिस्टन्समधून तो साठा उतरवतो, मीटरने खात्री करतो, आणि चालू पेटीत मोजताना एक हात खिशात ठेवतो, म्हणजे धक्का छातीतून आरपार जात नाही. काही जुन्या संचांना ट्रान्सफॉर्मरच नसतो. काही शहरांत पूर्वी डी.सी. वीज होती, तेव्हा दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे संच निघत. त्यांच्या लोखंडी सांगाड्यातच वीज असू शकते. आपल्या घरातील पेटीला दोन पिनांचा प्लग असेल तर तीन पिनांचा लावून सांगाड्याला अर्थिंग द्यायला सांगावे. पण हा ट्रान्सफॉर्मर नसलेला प्रकार आहे का, हे आधी कारागिराला पाहू द्यावे.

माळ्यावरून काढलेली पेटी पहिल्यांदा चालू करायची ती सिरीज बल्बमधून. शंभर वॅटचा तारेचा जुना बल्ब विजेच्या वाटेत जोडतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि पेटी वाचते. हा बल्बही आता शोधून आणावा लागतो; एल.ई.डी.चा येथे उपयोगाचा नाही.

दुरुस्त मशीन ताब्यात घेताना घाई करू नये. आपला कर्णा सोबत न्यावा आणि दुकानातच दोन तास वाजवून घ्यावे. गळती गरम झाल्यावर डोके वर काढते, पाच मिनिटांत नाही. काढलेले भाग मागून घ्यावेत. आमच्या कारागिरांनी ते न मागता एका पुडीत बांधून दिले, आणि काय बदलले, कोणत्या पिनवर किती व्होल्ट मिळाले, हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी तळाच्या झाकणाला आतून चिकटवली. झाकणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात पेन्सिलीने आजोबांच्या हातच्या दोन तारखा होत्या. थोरल्याने त्या वाचल्या, आणि मोडून विकण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. आता महिन्यातून एकदा पेटी तासभर चालवतात. पुरवठ्याचे कंडेन्सर फार काळ विजेशिवाय पडून राहिले की त्यांच्यातला ऑक्साइडचा थर कमजोर होतो.

लोणंदात अशा आणखी पेट्या असतील, याची मला खात्री आहे. उद्या सकाळी दहापर्यंत मी येथे आहे आणि मीटर सोबत आणला आहे. ज्यांना दाखवायची असेल त्यांनी अवश्य आणावी. मात्र आणण्यापूर्वी 'चालते का ते तरी बघू' म्हणून ती प्लगमध्ये घालू नये.