पाळण्यातले पाय

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मास्तराकडून उपदेशाची अपेक्षा असते. परंतु आज आम्ही आमची एक चूक सांगणार आहोत.

धानपट्ट्यातील एका खेड्यात आम्ही शिकवीत असता पहिलीत एक मुलगा होता. नाव पुकारले तरी तो ओ देत नसे. आम्ही त्यास उद्धट समजलो. दोनदा छडीही दिली. वर्षअखेरीस कळले की, त्यास जन्मापासूनच ऐकू येत नव्हते. आईस शंका होती. पण ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून वडीलधाऱ्यांनी तिला गप्प केले. पुढे थोरलीची सोयरीक मोडेल या भयाने सारेच गप्प राहिले. दुसऱ्या वर्षी पटावरून त्याचे नाव आम्हीच कमी केले.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. परंतु पाहतो कोण?

पाहणारे आपल्याच मुलखात निघाले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची देखभाल घरोघरी सुरू केली. वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे ही कामे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू तुलनेच्या गावांहून ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून आशाताई देशभर अशा गृहभेटी देऊ लागल्या.

मूल जगले, हे अर्धे कार्य. ते नीट वाढावे, हे उरलेले अर्धे. त्यासाठी २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम निघाला. अंगणवाडीत तपासणी होते. व्यंग वा वाढीतील विलंब आढळल्यास बालकास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडतात. पहिल्या तीन वर्षांत मेंदू ओल्या मातीसारखा असतो. तेव्हा दिलेले श्रवणयंत्र, व्यायाम व वाणीचे शिक्षण जितके फळते, तितके मागाहून फळत नाही.

म्हणून मातांनी एवढे ध्यानी धरावे : मूल तीन महिन्यांचे होऊनही हसत नाही, सहा महिन्यांचे होऊनही आवाजाकडे वळत नाही, नऊ महिन्यांचे होऊनही बसत नाही, दीड वर्षाचे होऊनही चालत वा एकही शब्द बोलत नाही, तर वाट पाहू नये. आशाताईस सांगावे.

आणि मंडळास आमची एकच विनंती. घरात असे मूल आहे, एवढ्या कारणाने कोणाचीही सोयरीक नाकारणार नाही, असा ठराव आजच व्हावा. हे भय गेले, तर आया बोलू लागतील.