चालत्या आज्ञावलीच्या अंतरंगात
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नाट्यसंगीत, संतवाङ्मय आणि इतिहास यांच्या पंगतीत ‘डीबगर’ नावाच्या एका उपकरणाला पाट मांडण्याची कल्पना आपल्या तरुण सभासदांची. आपल्या घराघरांतली मुले संगणकाच्या व्यवसायात आहेत, आणि ती दिवसभर नेमके करतात काय, हे त्यांच्या आईवडिलांना चारचौघांत सांगता येत नाही. उत्तर सोपे आहे. त्यांचा पुष्कळसा वेळ स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या आज्ञावलीतील दोष हुडकण्यात जातो.

दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, का म्हणतात याची कथा आपण ऐकली असेल. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात खरोखरीचा पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. कथा खरी आहे; शब्द मात्र त्याहून जुना. एडिसनने १८७८ सालच्या पत्रात तो वापरला आहे. असो.

प्रश्न असा, की आज्ञावली चालू असताना तिच्या पोटात काय चालले आहे हे बाहेरच्याला कळावे कसे? केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. तपासणारी आज्ञावली तपासायच्या आज्ञावलीशेजारी त्याच स्मृतीत ठेवायची, आणि एकेक आज्ञा आपल्या देखरेखीखाली पार पाडून तिची नोंद छापायची. युक्ती नामी, पण वैद्य आणि रोगी एकाच खाटेवर! रोगी वातात गेला तर वैद्याचेही खरे नव्हते.

आजच्या यंत्रात तशी सोय नाही, आणि नाही हे चांगलेच आहे. चालू असलेल्या प्रत्येक आज्ञावलीला, म्हणजे ‘प्रोसेस’ला, स्वतःची स्वतंत्र स्मृती मिळाल्याचा भास यंत्र निर्माण करते. गिरगावातल्या दहा चाळींत दहा ‘खोली नंबर बारा’ असतात, तसेच हे. माझ्या चाळीतून मी बारा नंबरचे दार ठोठावले तर माझ्याच चाळीतले दार उघडणार. तुमच्या बारा नंबरपर्यंत माझा हातच पोहोचत नाही. कोणत्या चाळीची कोणती खोली प्रत्यक्षात कोठे आहे, याचे तक्ते ‘कर्नल’ नावाच्या मुख्य कारभाऱ्याकडे असतात, आणि प्रोसेसर त्या तक्त्यांबाहेर कोणालाही पाऊल टाकू देत नाही.

तेव्हा डीबगर हा काही अंतर्ज्ञानी पुरुष नव्हे. तोही एक साधा भाडेकरूच. त्याला जे दिसते ते कारभाऱ्याकडे अर्ज केल्यावर दिसते. युनिक्सच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीत ह्या अर्जाला ‘पीट्रेस’ हे नाव मिळाले. लिनक्समध्ये ते आजही चालते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला ‘जीडीबी’ हा प्रसिद्ध डीबगर लिनक्सवर ह्याच खिडकीशी उभा राहतो. ‘अमुक क्रमांकाच्या प्रोसेसशी मला जोडून द्या’ असे त्याने म्हटले, की कर्नल प्रथम त्याचा अधिकार तपासतो, मग त्या प्रोसेसला थांबवतो आणि अर्जदाराला तसे कळवतो.

आता रजिस्टरांकडे येतो, कारण खरी गंमत तेथे आहे. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताखालचे कप्पे. इंटेल आणि एएमडीच्या सध्याच्या चौसष्ट बिटी प्रोसेसरांत सर्वसाधारण कामाचे १६ असतात. शिवाय पुढची आज्ञा कोठे आहे हे सांगणारा एक. हे कप्पे प्रोसेसरच्या एका गाभ्याला एकच संच, आणि प्रोसेस तर शेकडो! मग थांबलेल्या प्रोसेसचे रजिस्टर डीबगर वाचतो म्हणजे काय? त्या क्षणी कप्प्यांत दुसऱ्याच कोणाचा माल असतो. कदाचित स्वतः डीबगरचाच!

एकच टेबल पाळीपाळीने वापरणाऱ्या कारकुनांची कल्पना करा. एकाची पाळी संपली की शिपाई टेबलावरचे सारे कागद जसेच्या तसे त्याच्या नावाच्या तबकात काढून ठेवतो. पाळी आली की तबक पुन्हा टेबलावर मांडतो. कारकुनाला मध्ये काळ गेल्याचा पत्ताही नसतो. कर्नल नेमके हेच करतो. प्रोसेस थांबली की तिची रजिस्टरे कर्नलच्या स्वतःच्या स्मृतीत उतरवून ठेवलेली असतात, आणि डीबगरला दाखवले जाते ते हे तबक. त्यात एखादा आकडा बदलून ठेवला, तर प्रोसेस पुन्हा चालू होताना तो बदललेला आकडाच प्रोसेसरात चढतो. पुढच्या आज्ञेचा पत्ता बदला, ती भलतीकडूनच कामाला लागेल. तिला शंका यायचे कारण नाही.

स्मृतीचेही असेच. पीट्रेसच्या अर्जावर एका वेळी एकच शब्द, म्हणजे आठ बाइट, मिळतो. विहीर पळीने उपसण्यातला हा प्रकार! म्हणून प्रोसेसची सबंध स्मृती एखाद्या फाइलीसारखी वाचण्याची सोय झाली, आणि २०१२ साली लिनक्सच्या ३.२ ह्या आवृत्तीत एकदम मोठा भाग उचलण्याची.

आज्ञावली ठरावीक ठिकाणी थांबवण्याची रीत पाहा. त्या जागच्या आज्ञेचा पहिला बाइट डीबगर उचलून बाजूला ठेवतो आणि तेथे २०४ हा आकडा लिहितो. इंटेलच्या भाषेत त्याचा अर्थ ‘थांब आणि कारभाऱ्याला कळव’. त्याच आज्ञावलीच्या इतर प्रती चालू असल्या तरी त्यांना बाधा होत नाही, कारण कर्नल तेवढ्या पानाची खाजगी नक्कल करून तीवर लिहू देतो. प्रोसेस तेथे पोहोचते, अडखळते. पण तोवर तिचा ‘पुढची आज्ञा’ दाखवणारा कप्पा एक बाइट पुढे सरकलेला असतो. डीबगर तो एकाने मागे घेतो, मूळ बाइट परत ठेवतो, तेवढी एकच आज्ञा चालवून घेतो, पुन्हा २०४ लिहितो आणि मगच प्रोसेसला सोडतो. एखाद्या कप्प्यातला आकडा कोण बदलतो हे पाहायचे असेल तर १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरपासून चार पत्त्यांवर पहारा ठेवणारी खास रजिस्टरे आहेत. चारच, काटकसरीने वापरावी लागतात.

ह्याचा उपयोग काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. एका संस्थेत लोकांच्या पैशांचे व्यवहार करणारी प्रोसेस मध्यरात्री निश्चल झाली. बंद करून पुन्हा चालवावी, तर अर्धवट व्यवहारांचे काय झाले हे कळण्याचा मार्ग संपतो. डीबगर जोडला. तिच्यात दोन धागे चालत होते. दोघांच्याही रजिस्टरांनी आणि स्मृतीने एकच कहाणी सांगितली. एकाजवळ दोर, दुसऱ्याजवळ पोहरा. ‘आधी तुझे दे’ असे म्हणत दोघेही काठावर तहानलेले. पुराव्याची पूर्ण नक्कल उतरवून घेतली, व्यवहार कोठवर आले होते ते वाचून काढले, आणि मगच प्रोसेस बंद करण्यात आली. सकाळी खातेदारांचा हिशेब पैशापर्यंत जुळला.

आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल, की मग माझा पासवर्डही असाच वाचता येईल? येईल. टंकलेला पासवर्ड काही काळ तरी कोठल्यातरी प्रोसेसच्या स्मृतीत उघडा असतो. दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसला हात लावण्यास कर्नल मुळातच नकार देतो. पण स्वतःच्या नावाने चाललेली एक प्रोसेस स्वतःच्याच दुसरीत डोकावू शके. एखादा फसवा खेळ घेऊन उतरवला, तर तोही आपल्याच नावाने चालतो ना! म्हणून उबुंटूने २०१० पासून असा नियम घातला, की साध्या प्रोसेसने फक्त आपल्या वंशजांतच डोकवावे. बाकीच्यांसाठी प्रशासकाचा अधिकार हवा. गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या काही आज्ञावली तर ‘मला कोणी पाहू नये’ असे आपण होऊनच कर्नलला सांगून ठेवतात. हा जाच आहे अशी तक्रार तरुण मंडळी करतात. मला तो रास्त वाटतो.

काम झाले की डीबगरने निघताना ठिकठिकाणी पेरलेले २०४ वेचून मूळ बाइट जागच्या जागी ठेवायचे असतात. तसे न करता तो अकस्मात नाहीसा झाला, तर कर्नल प्रोसेसला मोकळी करतो. पण पुढे कधीतरी ती त्या पेरलेल्या बाइटवर येते, थांबून कारभाऱ्याला कळवते, आणि उत्तर द्यायला कोणी उरलेले नसल्यामुळे तेथेच संपते.