हॉटेलातली कपबशी



संध्याकाळी आपल्या रिसोडात चायनीजच्या गाडीभोवती गर्दी होते. तेथले मंचुरियन कँटनच्या माणसाला ओळखूही यायचे नाही. कँटनचा हात सौम्य. तो ताजी मासळी वाफवून वर आले आणि कांद्याची पात पेरील. आपले मंचुरियन १९७५ च्या सुमारास मुंबईत, कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग या चिनी आचाऱ्याने केले, असे सांगतात. लसूण, आले, हिरवी मिरची आपलीच. सोया सॉस तेवढा चिनी!

मला मात्र चवीपेक्षा त्या गर्दीचे अप्रूप अधिक. एकेकाळी हॉटेलात कपबशी जात पाहून मिळे. कित्येकांना चहा बाहेर बसून प्यावा लागे, वर कपही आपणच विसळून ठेवावा लागे. संविधानाच्या १५ व्या कलमाने उपाहारगृहाचे दार सर्वांना मोकळे केले. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्य म्हणून कोणाला तेथे अडविणे गुन्हा ठरविले.

आज गाडीवरची प्लेट आधी कोणाच्या हातात होती, हे कोणी विचारीत नाही. सगळ्या प्लेटा एकाच बादलीत विसळतात. सोवळ्यातले गृहस्थही तेथे निमूट खातात. घरी आलेल्या पाहुण्याचे आडनाव मात्र पाण्याचा पेला पुढे करण्याआधी विचारतात.