हरवलेला 'सावकारी पाश'

सांगलीजवळच्या समडोळी गावी 1889 साली नारायण हरी आपटे यांचा जन्म झाला. पुढं ते सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे झाले आणि 1971 साली तिथंच वारले. त्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 1937 साली 'कुंकू' हा बोलपट निघाला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण त्याआधी बारा वर्षं, 1925 साली, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपट्यांच्याच कथेवर 'सावकारी पाश' नावाचा मूकपट काढला होता. तो मात्र आज कुणालाच पाहता येत नाही. त्याची एकही प्रत हाती राहिलेली नाही.

त्या काळी पडद्यावर बहुधा देवदेवता आणि राजेरजवाडे दिसत. इथं दिसला कर्जबाजारी शेतकरी. सावकार त्याची जमीन गिळतो आणि तो शहरात येऊन गिरणीत मजूर होतो. हा तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. आपल्या भागाला ही गोष्ट परकी नव्हती. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर 1879 साली सरकारनं कायदा केला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. अशा मुलखाचं दुःख पडद्यावर आलं, आणि तेच चित्र आपण गमावलं!

ते गेलं कसं? त्या वेळची फिल्म नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेई, आणि दमट, उबदार हवेत चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होई. शिवाय तिच्यात चांदी असते. 1931 साली बोलपट आला, मूकपटाची कमाई थांबली आणि कितीतरी रिळं चांदीसाठी धुतली गेली. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले मोजले, तर तीस भरतात न भरतात. पेंटरांनी 1936 साली हीच कथा बोलपटात पुन्हा आणली खरी, पण पुन्हा काढलेलं चित्र म्हणजे पहिलं चित्र नव्हे.

साहेबाच्या देशातही हीच गत झाली. 1924 सालचा 'द व्हाइट शॅडो' हा एक ब्रिटिश प्रेमपट घ्या. त्यात जुळ्या बहिणींची गोष्ट होती आणि दोघींचं काम बेटी कॉम्प्सन या एकाच नटीनं केलं होतं. पुढं जगप्रसिद्ध झालेले हिचकॉक तेव्हा त्या चित्रपटाचे साहाय्यक दिग्दर्शक होते. तोही हरवलाच होता. मग 2011 साली त्याच्या सहापैकी पहिल्या तीन रिळांचा पत्ता लागला, आणि तोही कुठं, तर दूर न्यूझीलंडमध्ये! तिथल्या एका सिनेमा-ऑपरेटरनं जमवलेल्या संग्रहात ती होती. शेवट अजून मिळालेला नाही. पण एका माणसानं डबे फेकले नाहीत, म्हणून अर्धा चित्रपट तरी वाचला.

आपल्याकडंही तंबूतले सिनेमे गावोगाव फिरले आहेत. तेव्हा गुरुजींनो, गावातल्या जुन्या ऑपरेटरांच्या घरी, वाड्यांच्या माळ्यावर एकदा चौकशी करा. जुनी जाहिरात, फोटो, गोष्टीची पुस्तिका, काहीही मोलाचं आहे. फिल्मचा डबा सापडलाच, तर चुलीपासून, दिव्यापासून दूर, थंड जागी ठेवा. यंत्रावर चालवून पाहू नका. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, ते याच कामासाठी. तिथं कळवा.

सावकाराची खतं तिजोरीत जपली गेली. त्या खतांखाली भरडलेल्या माणसाचं चित्र मात्र कुणी जपलं नाही. ते पुन्हा मिळेल की नाही, कोण सांगणार? पण शोधायला तर हरकत नाही.