‘पोलीस ॲक्शन’ आणि लष्कराची भाषा

(परभणी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

परभणीच्या घराघरांत सप्टेंबर १९४८ चा उल्लेख आजही ‘पोलीस ॲक्शन’ असाच होतो. वस्तुतः त्या कारवाईच्या अग्रभागी पोलीस नव्हतेच. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेनेची पहिली चिलखती डिव्हिजन, रणगाडे व तोफखाना घेऊन, १३ सप्टेंबरला सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली. मग हे नाव का? हैदराबादचे गाऱ्हाणे तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे होते. ‘युद्ध’ म्हटले असते तर हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र असल्याचे मान्य केल्यासारखे झाले असते. रझाकारांच्या अत्याचारांना आळा घालून सुव्यवस्था प्रस्थापित करणे, ही भारताची भूमिका होती. म्हणजे शब्दाची निवड राजकीय होती. सेनेच्या दफ्तरी तिचे नाव ‘ऑपरेशन पोलो’.

शब्दांचा हा भेद कळला की लष्करी सिद्धान्त समजणे सोपे जाते. सिद्धान्त, म्हणजे ‘डॉक्ट्रिन’, ही आज्ञा नव्हे. कसे लढावे, याविषयी साऱ्या सेनेची ती एकसमान समजूत होय. संपर्क तुटला तरी शेजारची पलटण काय करील, याचा अंदाज तिच्यामुळे बांधता येतो. तिचे पहिले सूत्र उद्दिष्टाची निवड व त्यावरील निष्ठा. १९४८ मध्ये उद्दिष्ट होते हैदराबाद शहर. वाटेतले प्रत्येक गाव, प्रत्येक गढी जिंकत बसणे नव्हे.

लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांच्या मूळ योजनेत दोन मोठ्या मुसंड्या होत्या. पश्चिमेकडून सोलापूर, पूर्वेकडून विजयवाडा. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाब येताच निजामाच्या सेनेला आपले बळ एकवटता येईना. ही झाली रणनीती. डावपेच त्याहून खालच्या पातळीवरचे. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल सातव्या ब्रिगेडने वेगाने आणि अनपेक्षितपणे, न उडवला जाता, हस्तगत केला. सोलापूरहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. तो पूल उडाला असता तर सारी चिलखती डिव्हिजन नदीकाठी खोळंबली असती. एका पुलावर रणनीती कशी अवलंबून असते, ते येथे दिसते.

आपली वृत्तपत्रे दहा जवानांनाही ‘तुकडी’ म्हणतात आणि हजारोंनाही! सेनेत असा सैलपणा चालत नाही. सुमारे दहा जवानांचा सेक्शन, तीन सेक्शनांची प्लाटून, सुमारे सव्वाशेंची कंपनी, आठशेंच्या आसपास बटालियन. मराठीत हिलाच पलटण म्हणतात. तीन-चार पलटणींची ब्रिगेड, त्यापुढे डिव्हिजन आणि कोअर. ब्रिगेड आली की कंपनी, हे कळल्याशिवाय बातमीचे गांभीर्य कळत नाही.

मग परभणीच्या वाट्याला काय आले? मुख्य मुसंडी येथून नव्हती. औरंगाबाद, जालना, परभणी हा सारा पट्टा दुय्यम दिशेत मोडत होता. निर्णायक जागी बळ एकवटायचे तर इतरत्र हात आखडावा लागतो. यालाच बळाची काटकसर म्हणतात. दुय्यम म्हणजे सोपे, असे मात्र नव्हे. जालन्याजवळ सेनेला कडवा प्रतिकार झाला.

१७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधुरींपुढे शरणागती पत्करली. आपण मुक्तिदिन १७ ला पाळतो. लष्करी दृष्टीने मोहीम १८ ला संपली. तीही पुरती नव्हे. शत्रूचे सैन्य शरण येणे निराळे आणि मुलूख सुरक्षित होणे निराळे. पुढे गेलेल्या दळाच्या पाठीमागे बंदोबस्त अपुरा पडला, की सूडाला मोकळे रान मिळते. त्या दिवसांत मराठवाड्यात रझाकारांशी संबंध नसलेली मुसलमान कुटुंबेही मारली गेली. उस्मानाबाद व नांदेड हे सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांपैकी होते. चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती आली. तिचा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. चौधुरी डिसेंबर १९४९ पर्यंत लष्करी गव्हर्नर म्हणून हैदराबादेत राहिले.