वसवसा, वजू आणि आपली मुलं



डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात, त्याला आपल्या घरांत बहुतेकदा ‘वसवसा’ म्हणतात. घोटाळा तिथेच सुरू होतो. वसवसा म्हटलं की शैतान आला, ईमानाची कमजोरी आली. मग बारा-तेरा वर्षांचं पोर, जे चाळीस मिनिटं मोरीत बसून वजू करतंय, ते स्वतःच्याच नजरेत गुन्हेगार ठरतं. काही घरांत उलटं होतं. ‘किती पाक राहते आमची मुलगी!’ म्हणून कौतुक होतं. हाताची कातडी सोलली जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

अबू जैद अल-बल्खी 934 साली वारले. शरीर आणि मनाच्या आरोग्यावरच्या ग्रंथात त्यांनी मनाला छळणाऱ्या विचारांना वेगळं प्रकरण दिलं, उपाय सांगितले. हजार वर्षांपूर्वी आपला एक आलिम याकडे आजार म्हणून पाहू शकला. आपण मात्र अजून तावीज शोधतो.

आई-बापांसाठी सगळ्यात अवघड गोष्ट आता सांगते. मूल विचारतं, ‘अम्मी, माझं वजू झालं ना?’ आपण म्हणतो, ‘झालं, बेटा.’ पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. आपल्या प्रत्येक उत्तराने त्याला घटकाभर बरं वाटतं आणि आजाराला खुराक मिळतो. म्हणून उपचारात एकदाच वजू करून, शंका तशीच ठेवून, नमाजला उभं राहायला शिकवतात. हे टप्प्याटप्प्याने, समुपदेशकाच्या मदतीने करायचं. एका दिवसात नळ बंद करून नाही. यात दीनच्या विरोधात काही नाही. ‘शंकेने खात्री रद्द होत नाही’ हा फिकहचाच नियम आहे. मौलानांनीही रोज नवा फतवा देण्याऐवजी एवढंच सांगावं आणि मुलाला डॉक्टरकडे पाठवावं.

गोळ्यांचा परिणाम दिसायला आठ-बारा आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून बंद करू नका. मात्र गोळी सुरू करताना किंवा डोस बदलताना पहिले काही आठवडे लहान वयात स्वतःला इजा करण्याचे विचार वाढू शकतात. तेव्हा लक्ष ठेवा आणि तसं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

आणि ती भीती, जी आपण शेजाऱ्यांनाही सांगत नाही: पोरीने जिवाचं काही केलं तर? सरळ विचारा, ‘बेटा, मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या, फिनेल, दोर नजरेआड करा, 14416 ला फोन लावा. ही टेली-मानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलतात. धोका समोर दिसत असेल तर थेट सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. पोलिसांचं भय धरू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, असं ठरवलं आहे.

दर्ग्यावर दुआ मागायला माझी हरकत नाही. पण तिथे मूल सोडून येऊ नका. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या गावातल्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि 28 मनोरुग्ण मेले. त्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं, पळता आलं नाही. त्यांनाही घरच्यांनीच, बरे होतील म्हणून, तिथे आणलं होतं.